पोटातल्या महाधमनीचा फुगवटा: पोट उघडायचं की मांडीतून जायचं?

इंदूरच्या लोकमान्यनगरातून एका सूनबाईंनी विचारलं आहे. सासरे ७१ वर्षांचे. मिल बंद पडेपर्यंत मिलमध्ये नोकरी, बिडी उभा जन्म ओढली, आता सोडली म्हणतात. लघवीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी केली तर प्रोस्टेट राहिलं बाजूला आणि महाधमनीचा ५.८ सेंटीमीटरचा फुगवटा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम निघाला. मधुमेह आहे, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.५ आहे, हृदयाचं पंपिंग ५० टक्के. एका डॉक्टरांनी पोट उघडून ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी मांडीतून स्टेंट, ‘तिसऱ्या दिवशी घरी’. थोरले दीर म्हणतात, दुखत नाही, खुपत नाही, तर हात कशाला लावायचा? नणंदेचं म्हणणं, मुंबईलाच न्या. हृदयात घालतात तसाच हा स्टेंट ना, असंही सूनबाई विचारतात. आता नेमकं काय करावं?

आधी थोरल्या दिरांचं घेऊ, कारण घरातला निर्णय बहुधा त्यांच्याच पाशी अडलेला असणार. दुखत नाही हे त्यांचं म्हणणं खरं आहे, पण त्यावरून काही ठरत नाही. हा आजार फुटेपर्यंत बहुतेकांना कळतच नाही. माझ्याकडे येणारे निम्म्याहून अधिक पेशंट दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सापडलेले असतात. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. पोटात ती साधारण २ सेंटीमीटर रुंद असते. ३ च्या पुढे गेली की तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. पण ३ झाली म्हणून कोणी ऑपरेशन करत नाही. ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत ४ ते ५.५ सेंटीमीटरच्या पेशंटांचे दोन गट करून पाहिलं. एका गटाचं लगेच ऑपरेशन केलं, दुसऱ्याला फक्त सोनोग्राफी करत नजरेखाली ठेवलं. आयुष्यमानात फरक पडला नाही. पुढे छोट्या फुगवट्यांत लवकर स्टेंट घालूनही तपासलं, तेव्हाही तेच उत्तर आलं. तेव्हा बाबांचा आकडा ४.६ असता तर मीच दिरांच्या बाजूने बोलले असते आणि बिडी, रक्तदाब नि वर्षाची सोनोग्राफी एवढ्यावर घरी पाठवलं असतं.

पुरुषांत ५.५ आणि बायकांत ५ ही रेषा मानतात. बायकांची धमनी मुळात बारीक असते, त्यामुळे ती कमी रुंदीला फुटते. वर्षात एक सेंटीमीटरने वाढली, किंवा दुखू लागली, तर या रेषेची वाट पाहायची नाही. रेषेपलीकडे काय होतं त्याचा अंदाज अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका अभ्यासातून येतो. त्यांतल्या काहींनी ऑपरेशन नाकारलं होतं, काहींना ते झेपणारं नव्हतं. ५.५ ते ५.९ च्या गटात वर्षभरात फुटण्याचं प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास होतं. ७ सेंटीमीटर आणि त्याहून मोठ्या गटात ते जवळजवळ एक तृतीयांश होतं. फुटल्यावर बरेच जण रुग्णालयापर्यंतही पोचत नाहीत.

म्हणजे ५.८ ला काहीतरी करायचं. पण हा ५.८ सोनोग्राफीचा आहे, आणि त्याच्यावर मी आज लगेच सही करणार नाही. या वयात महाधमनी सरळ राहत नाही, वळणं घेते. वळणाच्या जागी तिला तिरकं कापून मोजलं तर ५.२ चीही ५.८ दिसते, आणि उलटही होतं. म्हणून सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून औषध (डाय) सोडून काढलेला सीटी हवा, छातीपासून मांडीपर्यंत, एक मिलिमीटरच्या कापांची. छापील फिल्म नको, रिपोर्टवर तर अजिबात विसंबू नका, सीडी घ्या. आम्ही ती संगणकावर टाकून धमनीच्या मधोमध एक रेषा ओढतो आणि त्या रेषेला काटकोनात कापून रुंदी मोजतो. क्रिएटिनिन १.५ असताना डाय देताना जपावं लागतं. आदल्या रात्रीपासून सलाईन, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती कधी थांबवायची आणि परत कधी सुरू करायची हे डॉक्टरांकडून लिहून घेणं, आणि कंबरदुखीसाठी मेडिकलवरून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या पूर्ण बंद. किडनी जपून का होईना, हा सीटी टाळता येत नाही. त्याच्याशिवाय ‘मांडीतून होईल’ असं कोणी सांगितलं असेल तर ते अंदाजानं सांगितलं आहे.

आता दोन वाटांबद्दल.

पोट उघडण्याची वाट जुनी. पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी १९५१ मध्ये फुगलेला भाग काढून तिथे मृत दात्याची धमनी बसवली. पुढे डेक्रॉनच्या कापडी नळ्या आल्या आणि ऑपरेशन रूढ झालं. त्याआधी १९४८ मध्ये आइनस्टाइन यांच्या पोटातल्या अशाच फुगवट्याला सेलोफेनच्या कागदात गुंडाळलं होतं. दुसरं काही हाताशीच नव्हतं. सहा वर्षांहून जास्त निभावलं, मग १९५५ मध्ये तो फुटला. तेव्हा ऑपरेशन शक्य होतं, त्यांनी नको म्हटलं. उघड्या ऑपरेशनमध्ये महाधमनीला चिमटा लावून रक्त थांबवावं लागतं, आणि खरा ताण हृदयाला बसतो तो चिमटा लावताना आणि काढताना. मग आयसीयू, आठ-दहा दिवस रुग्णालय, पूर्वीसारखं हिंडूफिरू लागायला दोन-तीन महिने. कालांतराने काहींना टाक्यांच्या जागी हर्निया येतो. पण एकदा बसवलेला ग्राफ्ट, म्हणजे ती कापडी नळी, वर्षानुवर्षं गप पडून राहतो. त्याला फारसं विचारावं लागत नाही.

मांडीतून जाण्याची वाट ब्यूनस आयर्समध्ये खुआन पारोदी यांनी सप्टेंबर १९९० मध्ये दाखवली. खार्किव्हमध्ये निकोलाय वोलोडोस यांनी त्याच्या तीन वर्षं आधी छातीतल्या महाधमनीत हे केलं होतं, पण सोव्हिएत भिंतीपलीकडची बातमी जगाला उशिरा कळली. कल्पना साधी आहे. गळक्या नळाच्या आत नवी नळी सरकवावी तशी निटिनॉल या मिश्रधातूच्या जाळीवर शिवलेली कापडी नळी (स्टेंट-ग्राफ्ट) आतून बसवायची, म्हणजे रक्त नव्या नळीतून जातं आणि फुगलेल्या पिशवीवरचा दाब उतरतो. पिशवी जागच्या जागी राहते, काढत नाहीत. बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं. स्टेंट झाल्यावर सोनोग्राफीत परत ‘अ‍ॅन्युरिझम ५.६’ असं लिहून आलं की घाबरून फोन येतात.

तुम्ही हृदयाच्या स्टेंटशी तुलना केली आहे. सगळे करतात. नाव सोडलं तर दोघांत फार थोडं सारखं आहे. हृदयातला स्टेंट बंद पडलेली नळी उघडतो, तो काही मिलिमीटर रुंद असतो आणि हल्ली बहुधा मनगटातून जातो. इथे नळी उघडीच आहे, नको तितकी उघडी आहे. आपल्याला तिला दोन्ही टोकांना घट्ट बंद करायचं आहे, म्हणजे आत शिरलेलं रक्त बाजूने पिशवीत झिरपणार नाही. सगळा खेळ त्या टोकांचा आहे.

वरचं टोक कुठे बसतं? दोन्ही किडन्यांच्या धमन्या जिथून फुटतात त्याच्या लगेच खाली, फुगवटा सुरू व्हायच्या आधी जी बऱ्यापैकी निरोगी धमनी उरते तिथे. तिला आम्ही नेक म्हणतो. ही नेक किमान १० ते १५ मिलिमीटर लांब हवी, फार वाकडी नको, शंकूसारखी खाली रुंदावत जाणारी नको, आणि आतून गुठळीने किंवा चुन्याने लिंपलेली नको. बाबांचं ऑपरेशन कोणतं हे त्यांचं वय, आमची हौस किंवा कंपनीचा माणूस ठरवत नाही, ते या दीड सेंटीमीटरवर ठरतं. नेक ८ मिलिमीटरची आणि वाकडी असताना ‘बसेल कसंतरी’ म्हणून साधा स्टेंट-ग्राफ्ट घातला तर तो बहुधा बसतोही, शेवटचं चित्र सुंदर येतं, पेशंट चालत घरी जातो. दोन-तीन वर्षांत नेक रुंदावते, नळी खाली घसरते आणि वरून गळती सुरू होते. अशी दुरुस्ती करणं पहिल्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी अवघड असतं.

नेक आखूड असेल तर खिडक्या असलेले ग्राफ्ट मिळतात. नळीला किडनीच्या धमन्यांच्या जागी नेमकी भोकं ठेवलेली असतात आणि त्यांतून प्रत्येक किडनीत छोटा स्टेंट जातो. ते मापाने बनवून घ्यावे लागतात, आठवडे जातात, खर्च कित्येक पटीने वाढतो. आणि बाबांची किडनी आधीच अर्धवट आहे, तिच्या तोंडाशी इतकं काम करायचं तर हात सरावलेला हवा.

खालचं टोक दोन्ही इलियाक धमन्यांत, म्हणजे पायांकडे जाणाऱ्या फाट्यांत बसतं. नळी दुमडून ज्या आवरणातून वर न्यायची ते ५ ते ७ मिलिमीटर जाड असतं. लहान चणीच्या माणसांत आणि बायकांत इलियाक धमनी तेवढी नसतेच कधीकधी, किंवा बिडीने चुनकळी झालेली असते. जबरदस्ती केली की ती फाटते. या फाट्यातून पार्श्वभागाला रक्त देणारी एक शाखा जाते. फुगवटा तिथवर आला असेल तर ती बंद करायची की वाचवायची हे आधी विचारून घ्या. दोन्ही बाजूंच्या बंद केल्या तर चालताना कुल्ले भरून येतात, पुरुषांत लैंगिक तक्रारी उद्भवतात. हे पेशंट आपणहून कोणाला सांगत नाहीत आणि डॉक्टरही क्वचितच विचारतात.

प्रत्यक्ष टेबलवर काय होतं ते सांगते, म्हणजे ‘नुसती तार घालायची’ हा समज जाईल. दोन्ही जांघांत सुई टोचून वाट करतात, हल्ली बऱ्याचदा चीर न देता, आणि धमनी बंद करायचा धागा आधीच आत लावून ठेवतात. भूल पूर्ण, कमरेतली किंवा नुसती जागेवरची, तिन्ही चालतात. एका बाजूने मुख्य नळी वर जाते. दोन्ही किडन्यांच्या धमन्यांपैकी जी खाली असते तिचं तोंड पडद्यावर पक्कं दिसेपर्यंत, एक्स-रेचं यंत्र धमनीच्या वाकाप्रमाणे कलवून होईपर्यंत नळी उघडत नाहीत. यंत्र सरळ ठेवून उघडली तर पाच मिलिमीटरचा फरक पडतो, आणि पाच मिलिमीटर म्हणजे एक किडनी झाकली. मुख्य नळीला एका बाजूचा पाय लांब असतो आणि दुसऱ्या बाजूचा आखूड, पिशवीत लोंबता. पलीकडच्या जांघेतून तार घेऊन त्या लोंबत्या तोंडात शिरायचं. कधी दोन मिनिटांत जमतं, कधी पाऊण तास जातो. तार आत गेलीय असं वाटतं, पण ती नळीच्या बाहेरून, पिशवीतून वर गेलेली असू शकते. सपाट चित्रात दोन्ही अगदी सारखं दिसतं. म्हणून टोकाशी वळलेला कॅथेटर (बारीक पोकळ नळी) त्या नळीत नेऊन गोल फिरवून पाहतात. मोकळा गरगरला तर आत आहे, अडकला तर बाहेर. ही खातरजमा न करता दुसरा पाय उघडला तर तो पिशवीत उघडतो आणि पोट उघडावं लागतं. खात्री झाली की दुसरा पाय जोडतात, फुग्याने टोकं दाबून बसवतात, शेवटी डाय टाकून गळती पाहतात. डाय जपून वापरायचा असेल तर काही ठिकाणी त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरूनही चित्र घेतात.

आता फायदा-तोटा. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत १९९९ ते २००४ या काळात पेशंट घेतले. पहिल्या तीस दिवसांत स्टेंटच्या गटात शंभरात दोनही दगावले नाहीत, पोट उघडलेल्या गटात चार ते पाच. फरक मोठा आहे, आणि तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी तोच सांगितला असणार. पण त्याच पेशंटांना पंधरा वर्षं पाहत राहिल्यावर चित्र उलटलं. काही वर्षांत दोन्ही गट बरोबरीला आले आणि आठ वर्षांपुढे पोट उघडलेले लोक सरस ठरले. स्टेंटच्या गटात नंतर फुटलेल्या पिशव्या हे त्याचं एक मोठं कारण. हॉलंडच्या चाचणीत सहा वर्षांत स्टेंटवाल्यांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास लोकांना पुन्हा काही ना काही करावं लागलं, उघड्या ऑपरेशनवाल्यांपैकी अठरा टक्क्यांना. त्या काळातली साधनं आजच्याइतकी चांगली नव्हती हे खरं. तरी स्टेंटची जोखीम आज घेऊन संपत नाही, ती पुढच्या वर्षांत वाटली जाते, हे बदललेलं नाही.

म्हणून माझ्याकडे स्टेंट हवा म्हणून येणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारते तो, दरवर्षी याल का? एक महिन्याने सीटी, वर्षाने पुन्हा, मग पिशवी आकसत असेल तर दरवर्षी डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी, आयुष्यभर. बाबांची किडनी पाहता बराचसा भार डॉप्लर आणि डायशिवायच्या सीटीवर ठेवता येईल. देवासजवळच्या गावातले एक काका स्टेंटनंतर दोनदा आले, पिशवी आकसली होती, मग ‘आता बरं आहे’ म्हणून येणं बंद. परत आले ते कंबर धरून. एका पायाची नळी फाट्यातून वर सरकली होती आणि खालून रक्त थेट पिशवीत जात होतं. वेळेत आले म्हणून एक जोडनळी घालून भागलं.

पिशवीत होणाऱ्या अशा गळतीला एन्डोलीक म्हणतात आणि त्याचे प्रकार आहेत. टोकाशी किंवा सांध्यात गळत असेल तर थांबायचं नाही. पाठीच्या कण्याकडच्या बारीक धमन्यांतून उलट रक्त येऊन पिशवीत झिरपत असेल तर तो सगळ्यात जास्त दिसणारा आणि बहुधा निरुपद्रवी प्रकार. पिशवी वाढत नसेल तर नुसतं पाहायचं. रिपोर्टात ‘लीक’ शब्द दिसला की घरात रडारड होते, त्याआधी कोणत्या प्रकारचा ते विचारा.

बाबांपुरतं बोलायचं तर वय ७१, पंपिंग ५०, किडनी थोडी कमजोर, फुप्फुसं बिडीने खाल्लेली. नेक चांगली निघाली आणि तुम्ही वर्षाच्या तपासणीची जबाबदारी घेणार असाल तर मी मांडीतून जाईन. नेक वाईट पण हृदय आणि फुप्फुसं तपासणीत टिकली तर सरावलेल्या हातांनी पोट उघडलेलं बरं. ते न झेपणारं असेल तर खिडक्यांचा ग्राफ्ट. आणि हेच सासरे ८८ वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले, ऑक्सिजनवर असते, तर काहीच करू नका असं सांगितलं असतं. उघडं ऑपरेशन झेपणार नाही अशा फार अशक्त पेशंटांवर स्टेंट घालूनही एकूण आयुष्य वाढलं नाही, हेही ब्रिटनच्याच दुसऱ्या चाचणीने दाखवलं आहे. खर्चात नुसती नळीच काही लाखांची असते, त्यामुळे कोटेशनमध्ये जास्तीचा तुकडा लागला तर काय आणि दरवर्षीच्या तपासण्यांचं काय, हे लेखी घ्या.

मुंबईचं नणंदेनं म्हटलंय. साधी नेक असेल तर इंदुरात होतं, आणि दरवर्षी जायचं तर घराजवळचं बरं. फक्त विचारा: ही टीम हे नेहमी करते का, आयत्या वेळी पोट उघडायची वेळ आली तर कोण उघडणार, आणि तो माणूस त्या दिवशी इमारतीत असणार की फोनवर? उत्तर देताना कोणी चिडलं तर तिथून उठा. खिडक्यांचा ग्राफ्ट लागणार असेल तर मात्र मोठ्या केंद्रात जा. दुखत नसेल तर अवंतिका एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करायला हरकत नाही, खालचा बर्थ घ्या आणि सामान बाबांना उचलू देऊ नका.

तोवर बिडी खरोखर सुटली आहे का ते बघा, कारण फुगवटा वाढवण्यात तिच्याइतका हात दुसऱ्या कशाचा नाही. रक्तदाब आटोक्यात, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू. चालायला जाऊ दे, बादल्या उचलू नयेत, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. आणि आपल्या शहराला म्हणून खास सांगते. सराफ्याच्या खाऊगल्लीत खाऊन पोट बिघडलं की आपण मेडिकलवरून ऑफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनची पट्टी आणतो. ही प्रतिजैविकं ज्यांना अ‍ॅन्युरिझम आहे त्यांनी शक्यतो टाळावीत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे. बाबांच्या फायलीच्या वरच्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहा.

अचानक पोटात किंवा कंबरेत जबर दुखलं, घाम फुटला, चक्कर आली, तर १०८ ला फोन करा. जिथे सीटी आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन दोन्ही आहेत अशा रुग्णालयात थेट जा आणि निघतानाच कळवा की अ‍ॅन्युरिझमचा पेशंट आहे. हे दुखणं हुबेहूब मुतखड्यासारखं असतं आणि मुतखडा म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलेले पेशंट मी पाहिले आहेत. सोनोग्राफीचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

एक राहिलं. सीटीच्या वेळी गुडघ्यांमागच्या धमन्यांचीही सोनोग्राफी करून घ्या, महाधमनी फुगलेल्या पुरुषांत त्याही फुगलेल्या सापडतात आणि तिथली गुठळी पाय घालवते. आणि हा आजार घराण्यात चालतो. तुमचे यजमान, थोरले दीर, नणंद, ज्यांची पन्नाशी उलटली असेल त्यांची पोटाची एक साधी सोनोग्राफी करून टाका. थोरल्या दिरांची सगळ्यात आधी, विशेषतः तेही बिडी किंवा सिगारेट ओढत असतील तर.